हेडफोन तांदळाच्या डब्यात ठेवताय? खाऱ्या हवेत या चुका टाळा

रत्नागिरीत माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मिरगाचा पाऊस सुरू झाला की काउंटरवर मोबाईलपेक्षा हेडफोन जास्त येतात, आणि आणणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो : "वर्षसुद्धा झालं नाही हो घेऊन, कंपनीच बोगस."

असेलही बोगस. पण तसाच जोड पुण्यातला भाऊ तीन वर्षं वापरतोय, हेही तेच गिऱ्हाईक पुढच्या वाक्यात सांगतं. इथे हेडफोन वाजता वाजता क्वचितच मरतात. वापरून झाल्यावर आपण ते कसे आणि कुठे टाकतो, त्यात मरतात.

किती टिकायला हवेत, हे विचाराल तर माझा काउंटरवरचा हिशेब असा : स्वस्त वायरवाले वर्ष-दीड वर्ष. कानात घालायचे बिनवायरचे बड्स अडीच-तीन वर्षं, कारण आतली बॅटरी जेमतेम ३० ते ६० एमएएचची असते आणि लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. त्याला इलाज नाही. डोक्यावरून घालायचे मोठे, वायर आणि पॅड बदलता येणारे हेडफोन मात्र दहा वर्षं सहज जावेत.

तांदूळ

हा माझा दुखरा विषय आहे, तेव्हा जरा सविस्तर.

एका गौरी-गणपती विसर्जनाला आमच्या वाडीतला बारावीचा पोरगा मूर्ती घेऊन मांडवीच्या समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उतरला. बड्सची चार्जिंगची डबी हाफ पँटच्या खिशात. घरी आल्यावर आईने डबी पुसून उकड्या तांदळाच्या डब्यात खोल पुरली. तीन दिवसांनी काढून चार्जिंगला लावली, दिवा लागला, गाणी वाजली. पोराने मित्रांना सांगितलं, तांदूळ म्हणजे जालीम उपाय. पंधरा दिवसांनी दिवा बंद, उजवा कान बंद, आणि स्वारी माझ्या दुकानात : "काका, पण चालू झालं होतं ना!"

उघडलं तर चार्जिंगच्या सॉकेटात तांदळाचा कोंडा भिजून घट्ट बसलेला. पिनांवर हिरवा गंज. बोर्डावरची तांब्याची एक रेघ तर खाऊन गायबच. ती डबी मी अजून काउंटरवर ठेवली आहे, लोकांना दाखवायला. त्या माउलीने शेवटी मला वेगळंच विचारलं, "मग ते तांदूळ खायचे की टाकायचे?"

होतं काय, की पाणी उडून जातं पण मीठ आतच बसून राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बहुतेक दिवस आर्द्रता त्याच्या वरच असते. स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ना, तेच तुमच्या डबीच्या आत चालू असतं. एकदा सुकलेले बड्स आतल्या आत पुन्हा पुन्हा भिजतात. त्यात चार्जर लावला की वीज मिळते, आणि मग पिना कुरतडायला वेळ लागत नाही. बिचारे तांदूळ काय करणार? सप्टेंबरातला तांदळाचा डबा मुळात स्वतःच दमट असतो.

समुद्रात पडलेली वस्तू आधी गोड्या पाण्याने पुसायची, हे सांगितलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. "आणखी पाणी?" हो, आणखी पाणी. मी करतो ते असं : बड्स डबीतून बाहेर, चार्जिंग अजिबात नाही. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने दोन-तीनदा पुसायचे, म्हणजे मीठ निघतं. मग आवाज येतो ती जाळी खाली करून दिवसभर पंख्याखाली, रात्री झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. डबीच्या आत खारं पाणी गेलं असेल तर ती उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुवावी लागते. आत बॅटरी असते, तेव्हा हे काम घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नका. आणि लवकर आणा. दुसऱ्या दिवशी आलेली डबी बऱ्याचदा वाचते, पंधराव्या दिवशी आलेली माझ्या काउंटरवर शोभेला राहते.

"पण खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय." काय लिहिलंय ते नीट वाचा. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आणि तेही गोडं पाणी, नवा कोरा माल. हे आकडे बहुधा बड्सचे असतात, डबीचे नसतात.

घामाचे बड्स थेट डबीत

घाम हेही खारं पाणीच. भाट्याच्या पुळणीवर सकाळी पळून येतात, कानातून काढतात, खट्कन डबी बंद. आत झाकण, ओल आणि चार्जिंगचा करंट, तिन्ही एकत्र. पुढे "एक बड चार्ज होत नाही" म्हणून येतात. माझ्या खिशात जुन्या बनियनचा तुकडा असतो. कानातून काढले की पुसायचे, दहा मिनिटं उघड्यावर, मग डबीत. पिनांवरून आठवड्यातून एकदा कोरडा कापूस. एवढ्यालाही ज्यांना वेळ नाही, त्यांनी वायरवाले वापरावेत.

"चांगल्या कामाला" ठेवलेले हेडफोन

एका गृहस्थांच्या मुलाने आखातातून भारी, मोठे हेडफोन पाठवले. यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गोदरेजच्या कपाटात ठेवले, शेजारी डांबराच्या गोळ्या. दोन पावसाळे गेले. मुलगा सुट्टीवर येणार म्हणून काढले, घातले, आणि आरशात बघतात तर दोन्ही कानांवर काळी पापडी. एकदाही न वापरता पॅड कुजलेले.

त्या गाद्यांवर चामडं नसतं, पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमट उष्ण हवेत पाण्याची वाफ त्या थराची रचनाच तोडत जाते. वापरा किंवा ठेवा, त्याला फरक पडत नाही, आणि बंद पिशवीत ओल कोंडली की आणखी लवकर. असे हेडफोन पिशवीत नव्हे, खुंटीला टांगून ठेवा. शक्य असेल तर कापडी पॅड लावा. पॅड सुटे मिळतात. मागवण्यापूर्वी लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, "अंदाजे मोठे" असं सांगू नका. आणि ब्लूटूथवाले ठेवायचे असतील तर बॅटरी निम्मी भरून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. रिकाम्या बॅटरीवर दोन पावसाळे म्हणजे ती गेलीच.

काळी वाळू

हे बाहेरच्यांना पटत नाही. मांडवीच्या बाजूला आम्ही काळा समुद्र म्हणतो आणि पलीकडे पांढरा समुद्र. काळ्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारे कण. आणि हेडफोनच्या स्पीकरमागे असतो तो चुंबकच. वाळूत ठेवलेल्या बड्सच्या जाळीला मग काळी दाढी उगवते, बारीक कण जाळीतून आत जाऊन स्पीकरच्या पडद्याला घासतात आणि आवाज खरखरतो. ब्रशने घासलंत की ते अजून आत जातात. जाळी खाली धरून सेलोटेप हलकेच लावायची आणि उचलायची, दहा-बारा वेळा. फुंकर मारू नका. सगळ्यात बरं म्हणजे तिथे ते वाळूवर ठेवूच नका, पण हे कोण ऐकतो.

बाकीच्या चुका भराभर. वायर मोबाईलभोवती गुंडाळू नका, ती पिनेच्या मुळाशीच तुटते. काढताना वायर नाही, पिन धरून ओढा. एका कानाचा आवाज कमी झाला की आधी जाळीतला मळ बघा, दहापैकी निम्म्या केसेस तिथेच संपतात. मात्र टाचणी घालू नका. बड्सच्या टोकाचे रबर काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा, नाहीतर कानात बुरशी होते आणि मग डॉक्टरांचं बिल हेडफोनपेक्षा मोठं येतं. हेअर ड्रायर नको, आतला गोंद सुटतो. थिनर आणि पेट्रोल तर नकोच नको.

आणि शेवटी, व्हिडिओ बघून सोल्डरिंग शिकणारी पोरं. उत्साह चांगला आहे, घाई नाही. हेडफोनच्या वायरीतले केसासारखे तार लाखेच्या पातळ थराने झाकलेले असतात. तो थर जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, वरवर गोळा बसतो आणि दोन दिवसांत सुटतो. मग पोरगा पुन्हा कापतो, पुन्हा सोल्डर मारतो. चार कड्यांची पिन असेल तर टोकाला डावा, मग उजवा. ग्राउंड आणि माइक कुठे ते कंपनीगणिक उलटसुलट असू शकतं, म्हणून तारांच्या रंगावर विसंबू नका, मल्टिमीटर लावून तपासा. मीटर नसेल तर माझ्याकडे आणा, पण आणण्यापूर्वी वायर आणखी कापू नका. गेल्या आठवड्यात एकाने आणली, तिची मानेपर्यंतसुद्धा लांबी उरली नव्हती.