पळसफुलांचा रंग सुती कापडावर बसवायचा तर

होळीला पळसाची फुलं उकळून रंग खेळणं झाडीपट्टीत नवं नाही. तोच रंग कापडावर मात्र दोन धुण्यांत उतरतो. माझी नोकरी रंगद्रव्यांच्या संशोधनात गेली. आता साकोलीजवळच्या गावी राहते आणि फाल्गुन याच कामासाठी मोकळा ठेवते.

फुलं पहाटे झाडाखालची वेचायची, फांदीवरची तोडायची नाहीत. मैना, कोतवाल, सूर्यपक्षी त्या फुलांतला मध प्यायला येतात आणि त्यांच्या चोचींनी पराग फिरतो, तेव्हा कुठे शेंगा धरतात. पक्षी बघायची आवड मला प्रयोगशाळेत असल्यापासूनची. कोणत्या झाडावर पाखरं जास्त, ते मी रंगाच्या त्याच वहीत लिहिते. वेगळी वही ठेवली की दोन्ही नोंदी अर्धवट राहतात. फुलं सावलीत कुरकुरीत वाळवा. ओल राहिली तर बुरशी येते.

आता मुख्य काम. १०० ग्रॅम मांजरपाट घ्या, धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा आणि भरपूर पाण्यात खंगाळा. खळ आणि मेण निघाल्याशिवाय पुढचं काही लागत नाही. मग २० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून गाळा, त्यात कापड रात्रभर बुडवा, पिळा, न धुता वाळवा. ही पायरी लोक गाळतात आणि रंग तिथेच हातचा जातो. सूत म्हणजे सेल्युलोज, तुरटीतलं ॲल्युमिनियम त्याला नीट धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन सुताला चिकटतं आणि ॲल्युमिनियमलाही धरतं. कोशाचं कापड असेल तर हिरडा नको. रेशीम प्रथिनाचं असतं, ते तुरटी थेट घेतं. त्याला सोडाही लावू नका.

दुसऱ्या दिवशी १५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून कापड चार-पाच तास ठेवा आणि वाळवा.

रंगासाठी कापडाच्या वजनाइतक्या वाळक्या पाकळ्या तीन लिटर पाण्यात तासभर मंद उकळा, गाळा. भांडं स्टीलचं हवं. लोखंडी कढईत, किंवा तांबडा गाळ बसणाऱ्या बोअरच्या पाण्यात, पिवळा रंग मळकट हिरवट होतो. आमच्याकडे म्हणूनच मी पावसाचं साठवलेलं पाणी वापरते. ओलं कापड त्यात टाकून पाऊण तास तापवा, पण उकळी येऊ देऊ नका. सारखं हलवा, नाहीतर डाग पडतात. त्याच पाण्यात निवू द्या.

निघेल तो पिवळा. केशरी हवा असेल तर खाण्याच्या चुन्याच्या निवळीत क्षणभर बुडवून लगेच धुवा. फुलांतलं ब्युटिन नावाचं द्रव्य अल्कलीत ब्युटेइनकडे, म्हणजे गडद रंगाच्या भावंडाकडे झुकतं. आंबट लागलं की कापड पुन्हा पिवळ्याकडे जातं, म्हणून धुताना लिंबू नको. पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये विल्यम पर्किननं केला आणि त्याच्याच मुलानं, आर्थरनं, हमेलबरोबर १९०४ मध्ये पळसफुलांतल्या रंगद्रव्याचा अभ्यास छापला. रंगांच्या कामात मन रमलेल्या माणसाला हे वाचून फार बरं वाटतं.

कापड सावलीत वाळवा, पहिली धुलाई रिठ्याच्या पाण्यात करा. हा रंग उन्हाला हळवा आहे, पडद्याला तो वापरू नका. खात्री करायची तर प्रत्येक रंगवणीचा एक तुकडा अर्धा पुठ्ठ्यानं झाकून खिडकीत ठेवा. महिन्यानं झाकलेली आणि उघडी बाजू शेजारी धरून पाहा, तुकडा वहीत टाचा, खाली पाणी कुठलं आणि तुरटी किती ते लिहा. उघडी बाजू फार उतरली असेल तर ते कापड पांघरुणाच्या अस्तराला लावा, अंगावरच्या कपड्याला नको.