जर्मनीत म्युन्स्टरला झेब्राफिशच्या (छोट्या पट्टेरी माशांच्या) लॅबमध्ये येताय? हे आधी वाचा

दरवर्षी ऑक्टोबर आला की कुणीतरी विचारतंच, दादा जॉइन व्हायच्या आधी काय करू, म्हणून एकदाच लिहून टाकतो. आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी कार्यालयात पत्त्याची नोंदणी, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत उरका आणि जुनी का होईना सायकल घ्या, इथे तिला लेत्से म्हणतात, बस्स, बाकीचं आपोआप होतं.

आता जर्म सेल्सचं, म्हणजे पुढे ज्यांची अंडी किंवा शुक्राणू होतात त्या बीजपेशींचं. मला एमएस्सी होईपर्यंत वाटायचं की अंडाशय तयार होतं आणि मग त्यातच बीजपेशी तयार होतात. तसं नसतं हो! त्या आधीच लांब कुठेतरी जन्मतात आणि चालत अंडाशयाच्या जागी जातात. झेब्राफिशमध्ये आईने अंड्यात ठेवलेला जर्म प्लाझम (हा ऐवज ज्या पेशींना मिळतो त्या बीजपेशी होतात) ४ पेशींच्या स्टेजला चार ठिकाणी गोळा होतो, आणि डोकं-पाठ कुठे येणार याच्याशी त्या जागांचा काही संबंध नसतो, तरी चारी बाजूंनी निघालेल्या पेशी २४ तासांत बरोब्बर एकाच ठिकाणी पोचतात, बलकाचा गोळा जिथे निमुळता होतो तिथे डावी-उजवीकडे. वाट दाखवतं सीएक्ससीएल१२ नावाचं प्रोटीन, ते हुंगायला पेशीवर सीएक्ससीआर४ नावाचा रिसेप्टर, म्हणजे जणू नाक, असतो. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे वाटेतल्या साध्या पेशी सीएक्ससीआर७ नावाचा दुसरा रिसेप्टर वापरून हे प्रोटीन गिळत राहतात, नाहीतर वास सगळीकडे पसरून या बिचाऱ्या भरकटल्या असत्या. कोंबडीत तर याच पेशी रक्तात शिरून जातात, पण तो वेगळा विषय.

पहिल्या आठवड्यात पिपेटला हात लावू नका, या पेशींच्या जुन्या टाइमलॅप्स फिल्म (तासांची हालचाल मिनिटांत दाखवणाऱ्या) बघा. पेशी पाय काढत नाही, भाकरी तव्यावर एका अंगाने टम्म फुगते ना तसा पुढच्या बाजूला फुगा येतो, आतला ऐवज त्यात सरकतो, की लगेच दुसरा फुगा. मध्येच थांबते, गोल गोल फुगे काढत बसते, मग पुन्हा दिशा धरते. हे ओळखता यायला लागलं की निम्मं काम झालं.

माझी चूक करू नका. पहिल्या नोव्हेंबरात अंड्यांची डिश रात्रभर टेबलावरच राहिली आणि सकाळी मी २४ तासांची अंडी समजून जर्म सेल्स भलतीकडेच शोधत बसलो. पुस्तकात वाढीचे जे तास दिलेले असतात ते २८.५ डिग्री सेल्सियसचे असतात, गार खोलीत सगळंच रेंगाळतं. डिश इन्क्युबेटरमध्येच!

अंडी गाळायला चहाची गाळणी लागते, घरून आणली तरी चालेल. आणि मासे लाइट लागली की अंडी घालतात, त्यांना रविवार कळत नाही, पण दुकानांना कळतो, तेव्हा भाजी शनिवारीच आणा.