दुपारच्या उन्हात दुचाकीवर निघताना

महाराष्ट्रात सूर्य साधारण साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो. तेव्हा शक्य असेल तर 11 ते 4 या वेळेतली कामं सकाळीच उरकून घ्या. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली, की ऊन त्वचेला भाजणारं आहे असं समजावं.

निघायलाच लागलं तर आधी कपड्यांचा विचार करा, क्रीमचा नंतर. स्कार्फ उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर तो फारसा उपयोगाचा नाही. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती कपडा जास्त किरणं अडवतो. हँडलवरचे हात सतत उन्हात असतात, म्हणून पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच.

सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) 30 किंवा जास्त, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी ही दोन्ही प्रकारची अतिनील किरणं अडवणारं, असं लिहिलेलं घ्या. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब रेघ निघेल एवढं लागतं. बहुतेक जण फारच कमी लावतात. बाहेर पडण्याआधी 15-20 मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसला तर लगेच. कान, मानेची मागची बाजू आणि चपलेतली पावलं हमखास राहून जातात. आणि हो, ढगाळ हवेतही लावा, अतिनील किरणं ढगांतूनही येतात.

सहा महिन्यांखालच्या बाळांना मात्र क्रीमपेक्षा सावलीतच ठेवावं.