न्यू गिनीचं १८९५चं वीस मार्क: गुजरीत नेण्याआधी

नंदनपक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) कोरलेलं जुनं जर्मन सोन्याचं नाणं हाती आलं की कोल्हापुरात पाय आपोआप गुजरीकडे, म्हणजे सराफ बाजाराकडे वळतात. तिथं सोनं किती ते लगेच कळतं, पण नाणं अस्सल आहे का, हे कसोटीचा दगड सांगू शकत नाही. उलट दगडावर काठ घासला की तिथं कायमचा चकाकता पट्टा राहतो आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याचं मोल उतरतं. सराफाला आधीच सांगा: कस लावू नका, फक्त काट्यावर ठेवा.

हे नाणं जर्मन सम्राटाच्या नावाचं नाही. न्यू गिनी कंपनी या जर्मन कंपनीला १८८५ मध्ये सनद मिळाली, तिनं ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी बेटावर असलेल्या आपल्या मुलखासाठी ते बर्लिनच्या टांकसाळीत पाडून घेतलं. म्हणून त्यावर टांकसाळीची खूण म्हणून 'ए' हे रोमन अक्षर आहे. पक्ष्याचं चित्र ओटो शुल्ट्झ यांचं. सोन्याची नाणी फक्त १८९५ सालची: वीस मार्कची १,५०० आणि दहा मार्कची २,०००. १८९९ मध्ये कारभार जर्मन सरकारकडे गेला, १९११ मध्ये हे चलनही बाद झालं. जर्मन संग्राहक वीस मार्कला येगर क्रमांक ७०९ (येगर ही जर्मन नाण्यांची सूची) म्हणून ओळखतात.  

आता मोजमाप. वीस मार्कचा व्यास २२.५ मिमी, वजन ७.९६५ ग्रॅम, टंच ९०० (हजारात ९०० भाग सोनं), उरलेलं तांबं. म्हणजे शुद्ध सोनं ७ ग्रॅम १६८ मिलिग्रॅम. दहा मार्क १९.५ मिमी आणि ३.९८२ ग्रॅम. व्यास मोजायच्या व्हर्नियरच्या जबड्यात कागदाचा तुकडा धरा, नाहीतर काठाला चरे पडतात. जर्मन कायद्यात झीज हजारी पाचपर्यंत चालायची, म्हणजे साधारण ७.९२५ ग्रॅमपर्यंत. पण न्यू गिनीचं नाणं बाजारात फारसं फिरलेलंच नाही, त्यामुळे इतकी घट दिसली तर काठ तासला आहे का ते बघा. जास्त वजनही संशयास्पदच. माळेसाठी लावलेली कडी काढल्यावर राहिलेला टाका वजन वाढवतो.

विक्रेत्यानं फक्त पक्ष्याच्या बाजूचा फोटो दाखवला तर मूल्याची बाजू मागा. तोच पक्षी चांदीच्या नाण्यांवरही आहे, आणि मुलामा दिलेलं चांदीचं एक मार्क फोटोत फसवतं. हातात मात्र ते २४ मिमी आणि साडेपाच ग्रॅमच भरतं.

घनता तपासायला मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा; ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर एका अंकाच्या फरकानं उत्तर १७.३ वरून १६.९ वर जातं. पेला अर्धा पाण्यानं भरून काट्यावर ठेवा, काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पूर्ण बुडवा. तळाला, कडेला लागू देऊ नका. नाणं अस्सल असेल तर काटा ०.४६३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. ७.९६५ ला त्यानं भागलं की १७.२ येतं. आकडा ०.५० वर गेला तर आधी पक्ष्याच्या पिसांत बुडबुडा अडकला आहे का बघा, मगच नाण्याला नावं ठेवा.

हॉलमार्क सेंटरमधलं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातूचं प्रमाण सांगणारं) वरचा थरच वाचतं, पण एक फायदा मोठा. तिथं ९०० ऐवजी ९१६ आलं तर ती दागिन्यांच्या सोन्यात केलेली नक्कल असल्याचा संशय घ्या. ९०० आलं तरी काम संपत नाही. योग्य टंचाच्या सोन्यातही बनावट नाणी पाडली जातात.

म्हणून खरी परीक्षा दहापट भिंगाखाली. नाणं तिरक्या उजेडात फिरवा. ओतीव नकलेत पिसांच्या रेघा बोथट दिसतात, सपाट जागेत बारीक फोड किंवा खड्डे असतात, काठावर जोड दिसतो. पिसांची टोकं आणि 'ए'ची जागा जुन्या लिलावांच्या मोठ्या छायाचित्रांशी ताडून बघा. मग काठाचा वरचा भाग, घड्याळात बारा असतात तिथं. पुतळी माळेच्या गावात सोन्याच्या नाण्याला कडी लावणं नवं नाही. ती काढून पॉलिश केलेली जागा थोडी सपाट आणि वेगळ्या रंगाची दिसते. असं नाणं खरं असलं तरी भाव बराच खाली येतो.

रिठा, टूथपेस्ट, तेजाब यातलं काही लावू नका. तेलकटपणा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, न चोळता वाळवा. खिडकी उघडी ठेवा, जवळ आग नको. तांब्यामुळे पडलेले लालसर ठिपके तसेच राहू द्या. नाणं २२.५ मिमीच्या कॅप्सुलमध्ये ठेवा, पीव्हीसीची पाकिटं टाळा.

या दर्जाचं नाणं एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीत नसेल तर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डबीही नकली निघते, म्हणून तिच्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवा. परदेशातून मागवणार असाल तर बोली लावण्याआधीच कस्टम एजंटकडून सोन्याच्या आयातीचे चालू नियम आणि शुल्क विचारा. एकदा भारतात आलेलं शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. त्यामुळे पुढे विकायला परदेशी लिलावात पाठवू, हा हिशेब धरून घेऊ नका.