संमतीपत्रातली ती एक ओळ

पेपर स्वीकारल्याचा मेल आला तेव्हा मी हार्बरच्या गाडीत होते, कुर्ला सोडून टिळकनगर यायचं होतं. रिव्ह्यूच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, आनंदाने डोळे भरून आले. मग मेलचा शेवटचा परिच्छेद वाचला. जर्नलला डेटा अव्हेलेबिलिटी स्टेटमेंट, म्हणजे डेटा कुठे आणि कसा मिळेल याचं निवेदन, हवं होतं आणि ओळख पुसलेली ट्रान्सक्रिप्ट्स, म्हणजे मुलाखतींचा लिहून काढलेला मजकूर, रिपॉझिटरीत, इतर संशोधकांना वापरता येईल अशा डेटासंग्रहात, ठेवलेली हवी होती. माझ्याकडे गोवंडी-मानखुर्दच्या ३१ घरकामगार बायकांच्या मुलाखती होत्या. त्या ३१ जणींनी सही किंवा अंगठा दिलेल्या संमतीपत्रावर छापलं होतं : ‘ही माहिती संशोधकाशिवाय कोणालाही दाखवली जाणार नाही व अभ्यास संपल्यावर नष्ट केली जाईल.’

ही ओळ मी लिहिलेली नव्हती. एका सीनियरच्या फाइलमधून उचलली होती, तिनेही कुणाकडून तरी घेतली असणार. ती इतकी सुरक्षित वाटते की एथिक्स कमिटीतही कुणी हरकत घेतली नाही. गाइडना विचारलं होतं, तर म्हणाले, ‘डेटाचं शेवटी बघू.’ ‘शेवटी बघू’ म्हणणाऱ्या गाइडचं या एका बाबतीत ऐकू नका. शेवटी बघण्यासारखं काही उरत नाही.

नीट समजून घ्या, कारण मी इथेच अडकले. त्या एका ओळीत तीन वचनं आहेत. कोण बघेल, किती दिवस राहील आणि, न बोलताच, कशासाठी वापरली जाईल. आपल्याला खरं तर चौथंच वचन द्यायचं असतं : ‘तुमची ओळख कळणार नाही.’ ओळख लपवणं वेगळं आणि मजकूर कुणालाच न दाखवणं वेगळं. पहिलं आपलं कर्तव्य आहे. कुणालाच न दाखवण्याचं वचन दिलंत की हात बांधले गेले, कारण ते तुम्ही जर्नलला नाही, समोर बसलेल्या बाईला दिलेलं असतं. जर्नलने नियम बदलला, गाइड बदलले, तुमची नोकरी पणाला लागली, तरी ते तिच्या परवानगीशिवाय मोडता येत नाही. ‘नावं काढली की चालेल’ असं कुणी सांगेल. नाही चालत. तिने ‘नाव काढून दाखवा’ याला हो म्हटलेलं नाही, ‘दाखवणार नाही’ याला म्हटलंय. संशोधनाचा डेटा जपून ठेवणारी ब्रिटनची यूके डेटा सर्व्हिस अशी वाक्यं टाळायलाच सांगते. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या क्वालिटेटिव्ह डेटा रिपॉझिटरीकडे संमतीचे नमुना मजकूर मिळतात. ते फील्डवर जायच्या आधी वाचा.

मी पुन्हा वस्तीत गेले. २२ जणी भेटल्या. बाकीच्यांपैकी कुणी गावी गेलेल्या, कुणी पुनर्वसनाच्या इमारतीत, कुणाचे नंबर बंद. एका मावशीने चहाचा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, ‘तेव्हा तूच बोलली होतीस ना, फाडून टाकणार म्हणून?’ मला उत्तर देता आलं नाही. १४ जणी हो म्हणाल्या, ८ नाही. न भेटलेल्या नऊ जणींचं मौन मी नकारच धरलं, तुम्हीही तसंच धरा.

संपादकांना सगळं जसंच्या तसं लिहिलं. १४ ट्रान्सक्रिप्ट्स, मुलाखतीची प्रश्नावली, कोडबुक (उत्तरांचं वर्गीकरण कसं केलं त्याची यादी) आणि बाकीची का देता येत नाहीत याचं स्पष्ट कारण. त्यांनी मान्य केलं. म्हणजे घाबरून पेपर मागे घेऊ नका, बहुतेक जर्नलांत माणसांवरच्या संशोधनाला सूट मागता येते. मात्र ती पेपर पाठवतानाच मागायची. राज्यशास्त्राच्या २७ जर्नलांच्या संपादकांनी २०१४ मध्ये डेटा पारदर्शकतेचं जे निवेदन केलं, त्यातही हेच आहे : डेटावर बंधन असेल तर सबमिशनच्या वेळी सांगा. सूट द्यायची की पेपर वाचायलाच नकार द्यायचा, हे संपादक ठरवणार.

‘डेटा मागणी केल्यास उपलब्ध’ ही पळवाट मला मनापासून आवडत नाही. तशी तयारी लिहून दिलेल्या जवळपास १,८०० वैद्यकीय लेखांच्या लेखकांना काही संशोधकांनी खरंच डेटा मागून पाहिला, ते २०२२ मध्ये छापून आलं. सुमारे सात टक्के लेखकांनीच दिला. देणार नसाल तर देणार नाही असं लिहा आणि कारण द्या.

आता ओळख पुसण्याबद्दल. माझ्या बारा नंबरच्या ट्रान्सक्रिप्टमधून नाव काढलं, गल्ली काढली. तरी उरलं काय? वाशिमहून आलेली, नवरा पालिकेच्या कंत्राटावर सफाईला, तिन्ही मुलीच, काम एका निवृत्त न्यायाधीशांच्या घरी. तिच्या वस्तीतला कुणीही दोन ओळींत तिला ओळखेल आणि ते न्यायाधीशही. लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड एवढ्यावर अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात. इथे तर आपण अख्खं आयुष्य लिहून देतो. मी वाशिमचं ‘विदर्भ’ केलं, न्यायाधीशांचं ‘निवृत्त अधिकारी’, मुलींचा आकडा काढला. प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये नोंदवला. एका ट्रान्सक्रिप्टला तीन ते चार तास लागले, तेवढा वेळ हाताशी ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ठरवून दिलेले निकष पाळले तरच.

आकड्यांवर काम करणाऱ्यांचं थोडं सोपं. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या संस्थेने केलेल्या एनएफएचएसची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची) फाइल डीएचएस या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रमाकडून घेतली असेल तर ती परस्पर दुसरीकडे चढवायची नाही. डेटा कुठून मिळेल ते लिहा आणि आपली डू-फाइल, म्हणजे आकडेमोडीचा कोड, द्या. ती दुसऱ्याच्या मशीनवर आधी चालवून बघा. अमेरिकन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्ससारख्या ठिकाणी पेपर छापण्याआधी तुमचा कोड खरोखर चालवून आकडे पडताळले जातात.

आता माझ्या संमतीपत्रावर तीन वेगळे चौकोन असतात : माझ्या अभ्यासासाठी मुलाखत, लेखात नाव न देता तुमची वाक्यं, आणि ओळख पुसून इतर संशोधकांना वाचायला. प्रत्येक चौकोन मी मोठ्याने वाचते आणि थांबते. गेल्या महिन्यात चेंबूरला एका मावशीने तिसऱ्यापाशी मला अडवलं. ‘आवाज नाय ना देणार? आवाज आमच्या बाई ओळखतील.’

‘नाही मावशी, फक्त लिहिलेलं.’

तिने थोडा विचार केला, पहिल्या दोन चौकोनांत खूण केली आणि पेन परत दिलं.