ॲड आणि सेटच्या फरकाने खाल्लेली दुपार

अमळनेरला आमच्या आबांच्या कृषी केंद्रात पाच संगणक आहेत. बिलिंगचा डेटा एका फोल्डरमध्ये, आणि विंडोजचा डिफेंडर अँटीव्हायरस तिथली प्रत्येक फाइल उघडताना तपासणार. ते त्याचं कामच. पण कपाशीच्या बियाण्याची गर्दी असली की एकेका बिलाला गिऱ्हाईक ताटकळायचं.

तेवढा फोल्डर तपासणीतून वगळायचा ठरवलं. पाचही ठिकाणी माउसने कोण क्लिक करत बसणार? विंडोजला टाइप करून आज्ञा देता येतात त्या पॉवरशेलची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, लिहिली. पहिल्यांदा चालवली तर परवानगी नाही, कारण 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' विसरलो होतो. ते मिनिटाचं काम.

खरी गंमत पुढे. मी डिफेंडरची सेटिंग बदलणारी 'सेट-एमपीप्रेफरन्स' ही आज्ञा वापरली. नवा फोल्डर यादीत आला, पण टॅलीचा आधी घातलेला फोल्डर गायब! आबा विचारतात, "काय व्हयनं रे भाऊ?" मी गप्प. 'सेट' जुनी यादी पुसून नवी लिहितो. जुन्यात भर घालायची तर 'ॲड-एमपीप्रेफरन्स' आणि त्यापुढे 'एक्स्क्लूजनपाथ', म्हणजे वगळायच्या फोल्डरचा पत्ता. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत. शेवटी 'गेट-एमपीप्रेफरन्स'ने यादी पाहिली, दोन्ही फोल्डर जागेवर.

पुतण्या म्हणत होता, अख्खा सी ड्राइव्हच वगळा. नाही म्हटलं. व्हायरसवालेही याच आज्ञा वापरून स्वतःसाठी दार उघडं ठेवतात, आपण कशाला आयतं द्यायचं? डाउनलोड्स आणि तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प फोल्डरलाही हात लावला नाही.

स्क्रिप्ट आता पेनड्राइव्हवर आहे, 'सेट'वाली ओळ खोडून.