पैदाशीचा मेंढा निवडताना लोकरीची बारीकी कशी तपासावी

लोकर चिमटीत चोळून ‘मऊ आहे, म्हणजे बारीकच’ असं छातीठोक सांगणारे पट्टण कोडोलीच्या यात्रेत पायलीला पन्नास भेटतील. त्यांच्या भरवशावर मेंढा घेऊ नका. चिमटीला लोकरीतलं मेण कळतं, बारीकी कळत नाही. बारीकी मायक्रॉनमध्ये मोजायची असते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. आपली दख्खनी मेंढी जाड लोकरीचीच, तिच्याकडून मेरिनो या बारीक लोकरीच्या विदेशी जातीचे वीस-बावीस मायक्रॉन मागू नयेत. घोंगडीला ते लागतही नाहीत. घोंगडी टोचते आणि तिचे केस झडतात ते जाड, आखूड, ठिसूळ, आतून पोकळ केसांमुळे. असे केस कळपात पेरणारा मेंढा वेळीच ओळखता आला, की तपासणीचा खर्च वसूल.

नमुना शेवटच्या बरगडीवर, पाठ आणि पोट यांच्या मधोमध घ्या. 5 बाय 5 सेंमीचा चौकोन कातडीलगत कातरा. मांडीवरची लोकर नेहमी जाड येते, खांद्यावरची बारीक, म्हणून सगळ्या मेंढ्यांची जागा एकच हवी. कोकराची पहिली लोकर तपासून उपयोग नाही. ती कातरून झाल्यावर, वर्षभराच्या सुमारास तपासा. नमुना प्लॅस्टिकऐवजी कागदी पाकिटात ठेवा. वर बिल्ला क्रमांक, वय, तारीख लिहा आणि ‘मेंढी’ असं स्पष्ट लिहा. आपल्याकडे धनगर मेंढ्यांना ‘बकरी’ म्हणतात, बाहेरगावच्या प्रयोगशाळेला ते कुठून माहीत असणार!

घरी मोजणार असाल तर नमुना कोमट पाण्यात थोड्या साबणाने बुचकळून धुवा, चोळू नका, सावलीत वाळवा.

आता सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. चिमट्याने एकेक केस उचलून काचेवर ठेवला, की हाताला लांब आणि ठळक केसच लागतात. आखूड आणि बारीक दोन्ही सुटतात आणि आकडा खोटा निघतो. म्हणून केस निवडायचेच नाहीत. पूर्ण बट काचेवर सरळ पसरा. दोन दाढीची ब्लेडं मध्ये पातळ पुठ्ठा घालून घट्ट बांधा आणि मुळापासून एक सेंमीवर बट आडवी कापा. टोकाकडे कापलं तर आखूड केस हातातून जातात. दोन ब्लेडांच्या मध्ये अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे मिळतात. ते लिक्विड पॅराफिनच्या थेंबात ढवळून वर काच ठेवा. पाणी किंवा ग्लिसरीन नको, त्यात लोकर फुगते. ती हवेतली ओलही पिते, म्हणून निम्मे नमुने मेमध्ये आणि निम्मे आषाढात मोजू नका. सगळे एकाच आठवड्यात उरका.

सूक्ष्मदर्शकाची पट्टी आधी जुळवून घ्या. प्रमाणपट्टीचे (मायक्रॉनच्या खुणा असलेल्या काचेचे) 100 मायक्रॉन नेत्रभिंगातल्या पट्टीच्या 40 भागांत बसले, तर एक भाग अडीच मायक्रॉनचा. मग काच ठरावीक अंतराने सरकवत मध्यावर येईल तो प्रत्येक तुकडा मोजा. वेडावाकडा दिसला म्हणून सोडायचा नाही. गाभ्यात काळी पट्टी दिसली, तर केस पोकळ. त्याची नोंद वेगळी. काळ्या लोकरीत रंगद्रव्यामुळे ही पट्टी झाकली जाते. अशा वेळी नमुन्याचा थोडा भाग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये फिकट करून फक्त गाभा पाहा, जाडी मात्र मूळ लोकरीवरच मोजा.

किती तुकडे? ‘शंभर पुरे’ हा सल्ला आपल्या लोकरीला लागू नाही. इथे एकाच बटेत बारीक आणि जाड केस शेजारी शेजारी असतात. केसांच्या जाडीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून केस साधारण किती इकडेतिकडे असतात ते, 15 मायक्रॉन धरलं, तर 100 तुकड्यांच्या सरासरीत दीड मायक्रॉनची चूक धरावी लागते, 400 मोजले तर पाऊण मायक्रॉनची. मग दोन मेंढ्यांत दोन मायक्रॉनचा फरक दिसला म्हणून एकाला ‘बारीक’ म्हणायला 100 तुकड्यांचा आधार पुरत नाही. 400 मोजा. एवढा वेळ नसेल तर यंत्रावर मोजून देणाऱ्या प्रयोगशाळेत नमुने पाठवा, पण पोकळ केसांची टक्केवारीही हवी हे आधीच सांगा.

आकडे हातात आले तरी एक फसगत उरते. उपाशी जनावराची लोकर बारीक येते! दुष्काळात हाडं दिसणारा मेंढा कागदावर पहिला येईल आणि हिरव्या चाऱ्यावरचा धष्टपुष्ट मेंढा मागे पडेल. म्हणून तुलना एकाच कळपातल्या, एकाच वयाच्या, एकाच चाऱ्यावरच्या मेंढ्यांतच करा. विकणाऱ्याने दाखवलेला सुटा आकडा सोडून द्या.

निवडीचा क्रम असा ठेवा: आधी वजन, पाय आणि वृषण, मग पोकळ केसांची टक्केवारी, सरासरी जाडी सगळ्यात शेवटी. कमाई मांसावर होत असताना निव्वळ बारीकीसाठी किरकोळ मेंढा ठेवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. वजनात बरोबरीचे दोन उरले, तर मांडीवरचाही नमुना मोजा. बरगडीच्या आणि मांडीच्या आकड्यांत ज्याचा फरक कमी, तो ठेवा. माद्यांची तपासणी सुरुवातीला करू नका. एका मेंढ्यामागे पंचवीस-तीस माद्या असतात, पैसे मेंढ्यावर घाला.